पाच हाफ

वसमत आगारात सोळा वर्षं झाली.
औंढा, जिंतूर, परभणी, परत.
कुठल्या वळणावर कुणाला मळमळतं
हे तोंडपाठ आहे मला,
तरी काल रात्री वहीच्या मागच्या पानावर
श्रीवर्धन लिहिताना हात अडखळला,
मशीनमध्ये नसलेला थांबा कुणी मागावा तसा.

लेकरं चार.
माझी दोन, सम्यक आणि प्रणोती.
नणंदेची तनिष्का, तिला यंदा तेरावं लागलं,
आणि शेजारच्या शबानाभाभीचा अफान,
तो घरचाच, फक्त झोपायला तिकडं जातो.
लेकरांना अर्धं, बायकांना अर्धं.
पाच हाफ.
हिशेब मांडला तर अडीच माणसं
चाललीत समुद्र बघायला.

“अन् यांचे पप्पा?”
रजेचा अर्ज वाचत साहेबांनी विचारलं.
म्हणलं, सर, अर्जात तो रकाना नाही.

चार दिवस मंजूर. त्यातल्या दोन रात्री गाडीत.
पुण्यापर्यंत मान अवघडणार,
पुढं ताम्हिणीचा घाट,
म्हणून लिंबं, आवळासुपारी,
आणि एकात एक घातलेल्या बारा कॅरीबॅगा.
धपाटे दोन दिवस टिकतात,
शेंगदाण्याची चटणी त्याहून जास्त.
समुद्राला उरतो दीड दिवस.
त्याला म्हणावं, आवरून तयार राहा बाबा.

पोहता येत नाही मला.
पाणी म्हणून आम्ही पाहिलं ते येलदरीचं,
त्याला पलीकडचा काठ आहे,
तिथं कुणाच्या तरी म्हशी दिसतात.
डोळे दोन, लेकरं चार.
म्हणून बाजारातून चार केशरी टीशर्ट आणले,
समुद्र काही केशरी नसतो.
सूर्य बुडताना असतो म्हणे,
तेव्हा सगळ्यांना बाहेर काढायचं.
गुडघ्यापर्यंतच जायचं.
अफानच्या गुडघ्यापर्यंत, तनिष्काच्या नाही.
ही ओळ वहीत दोनदा लिहिली.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलवर सापडलं.
शेवटची फेरी संपवून, कॅश भरून
बाकावर बसून वाचत राहिले.
रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो समुद्र.
आमच्याकडं असता
तर कधीच मेमो हातात पडला असता.
पण येतो. दिवसातून दोनदा येतो.
टायर फुटलं म्हणत नाही,
रस्त्यात कुणाला उतरवून देत नाही.

खोलीसाठी फोन केला.
“किती जण? सोबत पुरुषमाणूस?”
नाही.
बाई जरा थांबली. मागं कोंबडं ओरडलं.
“मग खालची खोली देते हो तुम्हाला,
पोरांना पायऱ्या नकोत.
नि मासे खातात ना?”
खातात, म्हणलं मी,
तेव्हा तनिष्का मागून हातानं नाही नाही करत होती.

अफान दोन दिवसांपासून
बादलीत तोंड घालून श्वास धरतोय.
तेवीसपर्यंत गेला.
शबानाभाभीनं त्याच्या खिशाला आतून
प्लास्टिकमध्ये नंबर शिवून दिलाय,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
रात्री तिकडून फोन लावा आपा,
बोलू नका काही,
नुसता चालू ठेवा.

पास आहे माझा. तो कपाटात ठेवलाय.
या खेपेला पैसे मोजून तिकीट काढणार,
खिडकीला बसणार,
आणि घंटी दुसरंच कुणीतरी मारणार.
ती दोनदा वाजल्यावर
माझा हात दोरीकडं जाऊ नये म्हणून
प्रणोतीला मांडीवर घ्यायचं ठरवलंय.

आत्ता ती झोपेतच विचारते,
किती टप्पे गं?
मी तिच्या पाठीवर बोटानं मोजत जाते,
परभणी, मानवत, पाथरी, माजलगाव,
बीड, नगर, पुणे.
मग बोट थांबतं.
पुढचे मला येत नाहीत.