उष्टी राणी

नॉरिचच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीपाशी
राणी उताणी निजवली आहे, चौकटीविना.
पाठीवरच्या चिठ्ठीत नाव नाही,
नुसतं ‘राणी, बहुधा’.

तिच्या अंगावर साडेतीनशे वर्षांचा मळ:
मेणबत्त्यांची काजळी, शेकोटीचा धूर,
कोणाकोणाचा तंबाखू.
थेल्माबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
महागडी रसायनं मागाहून. आधी थुंकी.
काडीवर कापूस गुंडाळायचा,
जिभेवर फिरवायचा,
आणि मग गोल गोल, हलकेच.

मिरजेला फोनवर सांगितलं तर आई हबकलीच:
अगं, राणीला उष्टं करतेस?
मग थोडं थांबून, हसू दाबत:
तुझं तोंड मी असंच पुसायचे,
पदराचं टोक ओलं करून, शाळेच्या फाटकात.
किती चिडायचीस.

राणी चिडत नाही.
कपाळ झालं. गाल झाले.
गळ्यातल्या चौदा मोत्यांना तीन दिवस गेले,
जिभेला कोरड पडली.
चहातली साखर बंद.
यादीत काळं म्हणून नोंदलेलं मखमल
निळं निघालं,
संध्याकाळी सहाच्या आभाळासारखं.

गुरुवारी हातांशी आले
आणि बोळा तसाच धरून राहिले.

हे हात हिचे नव्हेत.
चेहरा म्हणजे दुधावरची साय,
आणि इथे पेरांना भेगा,
नखं मुळापर्यंत कापलेली,
उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा डाग,
इस्त्रीचा असेल, नाहीतर चुलीचा.

होतं असं, थेल्माबाई म्हणाल्या.
राणी बसायची चेहऱ्यापुरती, तासभर.
झगा लाकडी बाहुलीवर चढवायचे.
हातांना मिळेल ती बाई,
बहुतेक चित्रकाराच्या घरचीच कोणी.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
डाग गाळता आला असता, म्हणाल्या,
कोण बघणार होतं?

त्यानं गाळला नाही.
उलट बारीक कुंचल्यानं
कडेची गुलाबी, ताणलेली कातडीसुद्धा काढली,
जशी तिनं संध्याकाळी
दिव्याशी नेऊन स्वतःच पाहिली असेल.

खाली सायकली सुटताहेत. पाच वाजले.
मला एव्हाना निघायला हवं होतं.
मी नवा कापूस गुंडाळते, जिभेवर धरते.
तुझ्या नावाला तर ‘बहुधा’सुद्धा नाही गं.
आण इकडे,
हात पुढे कर.