मुळा किसताना

सांजच्याला गाडा लावायच्या आधी
रणधीर म्हणाला, आई, आज भज्यासंगं चटणी नको,
मी एक करतो.
करतो म्हणजे काय?
तीन वर्षं जपानात ओतकामाच्या कारखान्यात हुता,
तिथं काय कढया घासल्या ह्येनं?
पण आल्यापासनं पोरगं पहिल्यांदा काय तरी मागत हुतं.
म्हटलं, कर.

पिशवीतनं काळी पट्टी काढली, समुद्रातलं गवत म्हणे.
जवाहरनगरात चपलावाले भिजत घालतात
तसल्या कातड्यागत दिसत हुती.
ती पाण्यात टाकली आणि बघत बसला.
उकळी फुटायच्या आत काढायची, म्हणाला.
आमच्यात उकळी फुटल्याबिगर
स्वैपाक सुरूच हुत न्हाई.

मग सुका बांगडा, लक्ष्मीपुरीतनं आणलेला.
तिथं दुसराच मासा असतोय, लाकडागत टणक,
रंध्यानं तासतात त्येला.
सोयासॉस कोपऱ्यावरच्या चायनीजवाल्याकडनं, वाटीभर, उसना.
आणि तिथं एक गोड दारू घालतात,
ती कुठनं आणायची?
मी डब्यातला गूळ पुढं केला,
माझ्या माहेरचा, वडणग्याचा, औंदाच्या गुऱ्हाळाचा.
त्येनं खडा नाकाला लावला.
म्हणाला, त्यो वास न्हवं, पण चालंल.

चालंल!
वडणग्याच्या गुळाला.

नाव तीनदा विचारलं. तेन्त्सुयु.
तीनदा जीभ अडकली.
दिसायला फिका चहा.
म्हटलं, अरं, ह्येला तवंग कुठाय?
आपला कट बघ कसा असतोय,
वाटीत वाकलं की आपलंच तोंड लालभडक.
ह्येच्यात तर नुसता तळ दिसतुया.
हसला जरा.
म्हणाला, तळ दिसाय पाहिजे म्हणूनच.

मग मुळा घेतला किसायला.
बर्फ पडतोय तसा भुसभुशीत पाहिजे, म्हणाला.
मी बर्फ बघितलाय त्यो गोळ्याच्या गाडीवरचा.
मला ती रसाची कढई आठवली,
उसाची मळी वर येती ना, पांढरी, फुगलेली,
तसलं काय तरी परातीत जमत हुतं.

तवा दिसलं.
डाव्या हाताची करंगळी
पेरभर कमी.

तीन वर्षं फोनवर उजवाच हात हलायचा,
आणि मी म्हणायची, किती वाळलास.

किसणी खर्र खर्र वाजत हुती.
त्येनं मान वर केली न्हाई.
मी जारा खाली ठेवला न्हाई.
तेल तापून धूर निघाय लागला
तरी दोघं तसंच.

मग त्योच बोलाय लागला, करंगळीचं न्हाई,
कारखान्याच्या फाटकासमोरच्या एका म्हाताऱ्याचं.
रातपाळी सुटली की ह्यो तिथं जायचा.
त्यांच्या भज्यांत हळद न्हाई, ओवा न्हाई,
रताळ्याची चकती, वांग्याची फोड, कोळंबी,
पीठ इतकं पातळ की आतलं अंग दिसतंय.
एकदा महिनाभर ह्येला वाटी धरता येत न्हवती.
का, ते सांगितलं न्हाई.
तवा म्हातारा गल्ला सोडून भाईर यायचा,
ह्येचं खाऊन हुईस्तवर
वाटी धरून शेजारी हुबा.
बोलायचा न्हाई काय बी.

मी मिरचीभजं मोडलं, वाटीत बुडवलं,
वर मुळ्याची चिमूट.
आधी काय लागलंच न्हाई.
मग लांबनं धूर आला, मग मासा,
आणि पार शेवटाला, गिळताना, वडणगं.

कसं हाय, विचारलं त्येनं.
वाटी त्येच्या डाव्या हातात हुती,
चार बोटं आणि त्ये उरलेलं.

म्हटलं, मीठ कमी हाय.
मिठाचा डबा कोपराला लागत हुता.
दुसरं भजं तसंच बुडवलं.

रंकाळ्यावर त्या दिवशी लई गर्दी.
गाड्याच्या खालच्या फळीवर ती वाटी झाकून ठेवली हुती.
एक गिऱ्हाईक वाकून बघाय लागलं,
मावशी, ह्ये काय नवीन?
म्हटलं, त्ये इकायचं न्हाई.
घरचं हाय.