आधी आपल्या नावानं

टोर्शहावनच्या बंदरात, मासळीच्या शीतगृहामागे
फेरीबोटींचा सर्व्हर घरघरतो.
हानुसनं पहिल्याच दिवशी रानवाला सांगितलं:
थेट रूट म्हणून आत यायचं नाही. कधीच.
आधी आपल्या नावानं ये, ओले बूट दारात काढून.
मग वर चढ.

आणि चढताना पूर्ण वाट लिही,
स्लॅश बिन स्लॅश सू.
नुसतं सू म्हणून हाक मारलीस
तर ओ कोण देईल सांगता येत नाही.
कुणीतरी त्याच नावाचं सोंग
वाटेत आणून बसवलेलं असतं.
ते पासवर्ड घेतं, चुकला म्हणतं,
आणि तू आपल्याच बोटांना दोष देत बसतेस.

पुढे एक आडवी रेघ. विसरू नकोस.
रेघ नसली तर तुझ्या सवयीही वर येतात,
खिशातल्या वाळूसारख्या.

डॉलर जाऊन कुंपणासारखी खूण उमटली
की यंत्र विचारत नाही, 'नक्की ना?'
माझ्याकडून एकदा एक जागा जास्त सुटली,
हानुस म्हणाला,
आणि सुदुरॉयच्या बोटीचं होत्याचं नव्हतं झालं.
बोट होती. धक्क्यावर, दिवे लावून.
तिकिटं नव्हती, गाड्या नव्हत्या, कोकरांचे पिंजरे नव्हते.
सकाळभर मी पेन्सिलीनं माणसं लिहीत होतो.

काम झालं की उतर.
वर बसून पत्रं वाचू नयेत.

तो निवृत्त झाला.
पासवर्ड पाकिटात, पाकीट तिजोरीत.
रानवानं तो त्याच दुपारी बदलला.
हे कळल्यावर हानुस
पहिल्यांदाच दात दिसेपर्यंत हसला.

नोव्हेंबरात धुक्यानं फेऱ्या रद्द,
ती जुन्या नोंदी चाळत बसली.
कोण कधी रूट झालं त्याची वही
वाचायची मुभा तिच्या नावाला होती.
हानुस, पहाटे तीन बारा.
तीन तेवीसला बाहेर.
मध्ये एकही आज्ञा नाही.
एकही फाइल हललेली नाही.
अकरा मिनिटं,
सगळं पुसता येईल अशा जागी,
माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला.

तिनं तारीख पाहिली. कुणाला विचारलं नाही.
जानेवारीत ती वही आपोआप पुसली जाते.
वाचवायची तर रूट व्हावं लागलं असतं.
रानवा आपल्या नावानंच बसून राहिली.
समोरचं नोल्सोय बेट धुक्यात नव्हतंच.
मग तिनं बूट घातले.