तेवीस नंबरचं झाड

हेळवाकच्या वर, गाडीरस्ता संपतो तिथून
दोन तास चढून
आम्ही एकेचाळीस डब्या बांधल्या झाडांना.
मुठीएवढ्या, करड्या.
आत सेन्सर, दोन बॅटऱ्या,
आणि ओल शोषायला ती पांढरी पुडी,
नव्या बुटांच्या खोक्यात असते तसली.
खिळा एकही ठोकला नाही.
धुळू येडगे म्हणाला, पट्टा बांधा,
आन् सैल बांधा. झाड बी जाड हुतंय.

दर पंधरा मिनिटांनी डबी जागी होते,
हवा किती तापली, किती दमट, मातीत पाणी किती,
एवढंच शेजारणीच्या कानात सांगते
आणि परत झोपते.
शेजारीण पुढचीला.
अंजनीवरून जांभळीवर, जांभळीवरून हिरड्यावर,
कानगोष्टीच, पण शब्द न बदलता,
ओढा ओलांडून, सड्यावरच्या खांबापर्यंत,
आणि तिथून कराडला, माझ्या टेबलावर,
जिथं चहावर साय धरलेली असते.

पावसाळ्यात नऊ डब्या मेल्या.
पानं ओली झाली की निरोप अडतो, हे वाचलं होतं.
ओलं म्हणजे किती ओलं
ते मात्र वाचलं नव्हतं.
एकीत मुंग्यांनी अंडी घातली.
एक वानरानं नेली;
कुठल्याशा शेंड्यावरून
शेवटचं तापमान तिनं इमानानं कळवलं.

मग माघात तेवीस नंबर चुकली.
पहाटे सव्वातीन. सगळ्याजणी अकरा अंश म्हणत होत्या,
ही म्हणाली सतरा.
साडेतीनला अठरा. दमटपणा शंभर.
पावणेचारला एकोणीस.
चारला पुन्हा अकरा, जसं काही झालंच नाही.
मी तिन्ही आकडे लाल केले,
पुढं लिहिलं: बिघाड. गाळावेत.

शनिवारी नवी बॅटरी घेऊन चढलो.
धुळूनं डबीकडं बघितलंच नाही.
झाडाला एक फेरी मारली, उकिडवा बसला,
मग उठून खोडावर तळवा ठेवला.
माझ्या खांद्याच्या उंचीवर साल घासून गुळगुळीत,
वाळलेला चिखल,
चिखलात आखूड काळे केस.

"गवा," तो म्हणाला.
"म्हातारा आसंल, कळपातनं निघालेला.
थंडीचं आंग टेकून हुबा ऱ्हायला.
त्वांड हितं आलं आसंल, डबीपाशी."
जरा थांबून:
"तुमच्या मशिनीला कळालं की. तुमास्नी न्हाई."

बॅटरी चांगली होती. बदलली नाही.
पट्टा एक भोक सैल केला.
उतरताना दोघंही बोललो नाही फारसं,
त्याला गुरं आणायची होती,
मला पाचची एसटी.

रात्री लाल रंग काढला.
कारणाच्या रकान्यात निवडायला चारच गोष्टी:
बॅटरी, पाणी, मुंग्या, तुटलेली तार.
शेवटी तो रकाना
तसाच रिकामा ठेवला.

आता तीनला जाग येते.
उठून स्क्रीन लावते, कुणाला न सांगता.
तेवीस: अकरा.
काल पण अकरा, परवा पण.
बावीस: अकरा.

चोवीस, ओढ्यापलीकडची:
चौदा.