घडी

तुलूझ. एकोणीसशे शहात्तरचा फेब्रुवारी.
रात्रपाळीला मी आणि यंत्र, दोघंच.
प्लॉटरची लेखणी कागदावर उतरते, टोचते, उचलली जाते,
एका बिंदूला दीड सेकंद.

प्राध्यापक लाकाझ संध्याकाळी चतकोर चिठ्ठी ठेवून गेले :
तेच दोन ओळींचं सूत्र, शेजारी नवा आकडा.
"एवढाच बदल, रुझे. तिसऱ्या दशांशस्थळी."

सूत्र काय करतं
ते मला आईच्या लाँड्रीत कळलं होतं.
इस्पितळाची चादर. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या.
ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची.
दुमडीच्या अलीकडे एकेका जागेवर दोन-दोन जागा येऊन बसतात,
पलीकडे कुणीच येत नाही.
औषधाचा डाग दोन्ही पदरांत उतरला
की आई विचारायची, वरच्याचा की खालच्याचा?
चादरीला आठवत नसे.

पुढे जाणं सोपं. प्रत्येक बिंदूला उद्या एकच.
काल मात्र कुणाला दोन,
आणि कुणाला कालच नाही.

बाबा, तुमच्या डाव्या हाताची करंगळी
तेरुएलच्या बर्फात गेली.
नाहीतर सरहद्दीच्या घाटात, खेचराच्या दोरात.
दोन्ही तुम्ही शपथेवर सांगितलंत,
एक नाताळच्या जेवणात, एक दारू उतरल्यावर.
दोन्ही वाटा याच टेबलाशी येतात
आणि चार बोटांनी पाव मोडतात.
सरकारी कागदावर जन्मगावाच्या रकान्यात आडवी रेघ.
नदीचं मूळ विचारू नये, आई म्हणते,
आणि खिडकीतून गारोनकडे बघते.

जानेवारीत सगळे बिंदू एका जागी येऊन स्वस्थ बसत.
आकडा सरकला, ती जागा सैल झाली,
बिंदू तिच्याभोवती फिरू लागले.
बांगडीएवढं कडं. मी त्यावर खरंच बांगडी ठेवून पाहिली.
मग कडं दुमडीच्या रेघेला लागलं, चेपलं, त्याला टोकं आली,
आणि परवा पहाटे पावणेचारला
त्यानं स्वतःलाच ओलांडलं. छोटासा फास,
त्याच्यापुढे आणखी एक, सुटलेल्या विणीसारखी रांग.
"असं चालत नाही," नवा साहाय्यक म्हणाला,
"वाट स्वतःलाच छेदत नसते."
"ज्याला परत जाता येतं, त्याची नसते,"
लाकाझ म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

आजचं काम निराळं.
जे बिंदू घरी येतात ते करडे, जे कायमचे निघून जातात
त्यांची जागा कोरी ठेवायची.
कालपर्यंत करडा मुलूख सलग होता, एकच किनारा.
आज दुमडीची रेघ त्या किनाऱ्याला टेकली, जराशी पलीकडे गेली,
आणि मुलखाच्या पोटात,
किनाऱ्यापासून कितीतरी लांब,
एक पांढरं तळं उमटलं.
मग त्या तळ्याची तळी. मग त्यांची.
लेखणी ती जागा नुसती ओलांडून जात राहिली.

नोव्हेंबरात रेडिओनं सांगितलं, म्हातारा हुकूमशहा गेला.
गल्लीत बाटल्या फुटल्या, कुणीतरी अकॉर्डियन काढला.
छत्तीस वर्षांनी! आता जाता येईल, शेजारचा आर्नाऊ ओरडला.
तुम्ही पावाचा तुकडा खाली ठेवलात.
"कुठे?" म्हणालात.
एवढंच. घडी मोडू नये म्हणून
कोट पुन्हा खुंटीला नीट लावलात.

साडेपाचला शाई संपली.
कागद दुमडायचा नाही, ओला आहे, उमटेल.
गुंडाळी करून, काखेत धरून, सायकलवर घरी आणला.
तुम्ही जागेच होता. टेबलावर पसरला,
चार कपांनी चार कोपरे दाबले.
तुम्ही बराच वेळ बघितलंत,
मग डावा हात आणलात, आणि जिथे करंगळी असती
तिथे एक तळं आलं.
"हे गाव कुठलं?"

मी आकडा सांगितला.