बसल्याची हजेरी

तोडणकर मास्तरांची परांची मी धरायचो.
बँक, बंदर-कचेरी, महाडचा एसटी स्टँड,
अर्ध्या जिल्ह्याच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या.
वीस फुटी कोळी, छाती शिडाएवढी,
भाताच्या पेंढ्यांमागे सूर्य, तोही ठेक्यात ठरलेला,
आणि सगळे चेहरे वर, उजवीकडे,
जिथे चेअरमनसाहेबांची केबिन होती.

बँकेच्या भिंतीवर कोपऱ्यात एक कातकरीण होती,
डोक्यावर मोळी, पायात काही नाही.
"हिचं खातं आहे का आपल्याकडे?" साहेबांनी विचारलं.
दुपारपर्यंत तिथे माड उभा राहिला.
हिरवा मीच कालवला होता.

साठीनंतर गुडघे शिडीला नाही म्हणाले.
मास्तर म्हाप्रळला खाडीकाठी खोली घेऊन राहिले,
आणि रोज सकाळी, हातभर प्लायवूड काखोटीला मारून,
वाडीवर.
कोळसा तिथलाच, भट्टीतून निवडलेला, बोटांत कुरकुरणारा.
जानी हिलम म्हणाली, बसते, पण बसल्याची हजेरी पडेल.
मास्तरांनी दिली. लाकूडतोडीच्या दरानं.
आयुष्यभर फुटावर पैसे घेतलेला माणूस
दर शनिवारी ओसरीवर सुटे मोजायचा.

काढलं काय?
खेकड्याच्या बिळात कोपरापर्यंत गेलेला हात.
भट्टीवर निघालेलं बिऱ्हाड: एक टोप, एक कोंबडी, दोन पोरं,
मागे कुत्रं, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं.
वर कुणीच बघत नव्हतं.
जानीनं निरखून सांगितलं,
"नाक माझ्या भैनीचं काढलंस."
मास्तर पुसत बसले. तीनदा.

एक चित्र तिलाच दिलं.
ती म्हणाली, कुडात खिळा धरत नाही.
भिंतींवर जन्म काढलेला माणूस
यावर काही बोलला नाही.

मास्तर गेले. अलिबागला प्रदर्शन ठरलं.
यादीत एक फळी कमी, म्हणून मी वाडीवर गेलो.
खोपटाच्या पश्चिमेच्या भोकाला ती काथ्यानं बांधलेली,
बाहेर नुसतं प्लायवूड, ओलाव्यानं फुगलेलं.
आत चुलीच्या उजेडात जानी,
धुरानं जराशी काळवंडलेली,
आणि खाली तीच, भाकरी थापत.
"ने की," ती म्हणाली,
"पण वारा सरल्यावर."

यादीत त्या आकड्यापुढे मी लिहिलं:
वापरात आहे.