सहावा रकाना

सहाव्या रकान्यात लिहायचं आहे: व्यवसायाचं मॉडेल, थोडक्यात.
पाहणीला आलेल्या बँकेच्या साहेबांनी
पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं, त्याला बाण जोडले,
म्हणाले, असं काहीतरी लिहा, ताई,
सध्या गोल असेल त्याला व्याज कमी आहे.

पहिला रकाना भरून झालाय:
उखर्डू दगा सैंदाणे.
साहेब हसले नाहीत. पण पेन्सिल थांबली.

नावाचं असं, की आजीची आधीची दोन
बारशाआधीच गेली.
तिसरा झाला तेव्हा सुईणीने सुपात घातला
आणि धरणगावात, घरामागच्या उकिरड्यावर ठेवून आली,
शेणात, राखेत, कांद्याच्या सालींत.
न्यायला येईल त्याला वाटावं, हे टाकलेलं आहे.
शेजारची कौतिकबाई ‘काय सापडलं बघा’ म्हणत उचलून घेऊन आली.
आजीने पायलीभर दादर मोजली
आणि आपलंच पोर विकत घेतलं.
त्याच्या आधीच्या दोघांना
कोणी टाकलं नव्हतं.

आता जळगावात, एमआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत,
रावेर-निंभोऱ्याकडून टेम्पो येतात.
केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या,
क्षाराने तोंड मिटलेल्या,
खारींनी कुरतडलेल्या,
वेटोळं करून सुतळीने बांधलेल्या.
शंभर किलोला माती किती धरायची?
शेतकरी म्हणतो दहा, माझा बाप म्हणतो चौदा,
बारावर चहा येतो.

मग तुकडे, मग हौद.
तरंगेल ते आमचं.
बुडेल ते पलीकडच्या प्लॉटवरच्या नेमीचंदचं.
आणि जे तरंगतं पण आपलं नसतं
ते जैतुनबी तडवी ओळखते,
नख ओढून, कानाशी वाजवून.
एकदा निवडायचं मशीन आणलं होतं, दाखवायला.
मे महिना. दुपारी दोनला मशीन तापून बसलं.
जैतुनबीने ओला फडका डोक्यावर टाकला
आणि उरलेला ढीग संपवला.
तिला कुठे लिहू? यंत्रसामग्रीत की मजुरीत?
विचारलं तर म्हणाली,
‘लिख: कान दोन. चालू शेतस.’

भट्टीतून काळ्या शेवया ओढल्या जातात,
पाण्यात पडतात, चरचरतात, कापल्या जातात.
दाणा निघतो जोंधळ्याएवढा.
गरम असतानाच मी ओंजळीत घेते,
लहानपणापासूनची खोड. बाप ओरडतो अजून.
तोच दाणा पुन्हा नळी होतो,
कुणाच्या तरी बागेत जमिनीला लागून झोपतो.

‘म्हणजे गोलच की,’ साहेब म्हणाले.
बाप वर्तुळाकडे बघत बसला,
हिशेबात चूक सापडल्यासारखा.

‘हाई गोल नही शे, साहेब.
शंभर येतस, पंच्याऐंशी जातस.
दर फेराले थोडं मरस.
रंग बी मरस. काळाना पुढे रंग नही.
तिसरा फेराले नळी कट करी मोडस.
मंग थोडा नवा दाणा टाकना पडस,
नही ते काहीच उभं ऱ्हात नही.’

साहेबांनी खोडरबर शोधलं. नव्हतं.

मी लिहिलं:
लोक टाकतात, आम्ही उचलतो.
ज्याचं होतं तोच पुन्हा मोजून घेऊन जातो.
मधे जे कमी होतं
ते
इथपर्यंत आले आणि रकाना संपला.
दोनच ओळींची जागा होती,
अक्षरं समासात गेली, पेन्सिलीच्या बाणांवरून, कुठे तिरपी.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.
बाप उठला, चपला न घालताच.
पत्र्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, दहा.
मी पेन उचलून धरलं,
आता तो चौदा म्हणेल.